परांजप्यांचे नाव रघुनाथ, रँग्लर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी एका शाळेतल्या प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून गेलो होतो. ‘रँग्लर परांजपे यांचे पूर्ण नाव सांगा’ या प्रश्नाला सातवीतल्या एका चुणचुणीत मुलाने ‘रँग्लर रघुनाथ परांजपे’ असे उत्तर दिले, म्हणजे रँग्लर हे मुलाचे नाव आणि रघुनाथ हे वडिलांचे, असा त्याचा हिशेब होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ‘अगदी बरोबर’ म्हणून गुणही देऊन टाकले. मी उठून दुरुस्ती केली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, रँग्लर ही जीन्स ना?’ चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला यावर हसावे की रडावे हे कळेना.

मुलांचा यात काही दोष नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या जन्माला १६ फेब्रुवारी २०२६ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली, पण आपण मोठ्यांनीच त्यांचे सारे आयुष्य १८९९ सालच्या एका निकालात कोंबून ठेवले आहे. केंब्रिजच्या गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्या सर्वांनाच रँग्लर म्हणतात आणि असे रँग्लर दर वर्षी अनेक होतात. त्या काळी मात्र निकाल गुणानुक्रमे लागत असे, सर्वांत वर येणारा ‘सीनियर रँग्लर’ ठरे, आणि उत्तीर्णांच्या यादीत अगदी तळाला राहणाऱ्याला त्याचे सोबती भलामोठा लाकडी चमचा बहाल करीत. १८९९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजचे परांजपे आणि पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल या दोघांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. हा मान मिळवणारे परांजपे पहिलेच भारतीय होते. १९०९ नंतर ही क्रमवारीच बंद झाली, तेव्हा नुसते ‘रँग्लर’ म्हटल्याने त्यांचे यश उलट कमीच सांगितले जाते.

पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या सदुसष्ट वर्षांविषयी. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा हा मुलगा शिकायला मुंबईत आला तो नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने. कर्वे तेव्हा मराठा हायस्कुलात गणित शिकवत आणि पहाटेपासून शिकवण्यांसाठी मुंबईभर वणवण करत. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडून गेल्यावर त्या संस्थेच्या पुण्यातील फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या प्राध्यापकाची जागा पडली होती. तिथे १८९१ मध्ये गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतले, आणि परांजपेही शिकायला फर्ग्युसनमध्येच आले. पुढे केंब्रिजहून परतलेले परांजपे १९०२ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि ज्यांचे बोट धरून ते शिकले होते ते कर्वे १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल बारा वर्षे, त्यांच्या हाताखाली गणित शिकवत राहिले. या बारा वर्षांत दोघांमध्ये कोणी कोणाला आधी नमस्कार केला असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, त्याचे पहिले कुलगुरू परांजपेच झाले. एकजण १०४ वर्षे जगला, दुसरा ९०. कोकणच्या त्या किनाऱ्याच्या हवापाण्यात काहीतरी असले पाहिजे.

सीनियर रँग्लरला त्या काळी विलायतेत किंवा सरकारी नोकरीत काय मिळू शकले असते, हे वेगळे सांगायला नको. ज्या संस्थेत गोखल्यांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर उमेद खर्च केली, तिथे ते येऊन राबले. त्यांच्या हातून नवे मोठे संशोधन झाले नाही आणि तसे झाले असे कोणी भासवूही नये. जुनी ट्रायपॉस ही वेगाने उदाहरणे सोडवण्याची कसोटी होती, संशोधक घडवण्याची शाळा नव्हे, अशी टीका इंग्लंडमधल्याच गणितज्ञांनी केली आहे. परांजपे शिक्षक होते आणि संस्था चालवणारे होते. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांच्या होळीवरून त्यांनी तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले, आणि ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याचा अग्रलेख ‘केसरी’त आला. तो निर्णय मला आजही पटत नाही. पण त्यांच्या नेमस्तपणामागे शिक्षणाची तळमळ होती, याची साक्ष मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना झालेला १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा देतो.

घरातले परांजपे मला त्याहून मोठे वाटतात. केंब्रिजच्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजातील फिलिपा फॉसेट हिने १८९० मध्ये सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळवले होते, पण ती स्त्री असल्यामुळे ना तो किताब तिला मिळाला ना पदवी. त्याच न्यूनहॅममध्ये परांजप्यांनी आपली लेक शकुंतला हिला गणित शिकायला पाठवले आणि १९२९ मध्ये ती ट्रायपॉस उत्तीर्ण झाली. केंब्रिजने स्त्रियांना बरोबरीची पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये. शकुंतलाबाईंनी एका रशियन चित्रकाराशी लग्न केले, ते टिकले नाही, आणि त्या लहानग्या मुलीला घेऊन वडिलांकडे आल्या. पुढे त्यांनी रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचे काम उघडपणे केले. ज्या कामापायी स्वतः गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्व्यांना नोकरी गमवावी लागली, ते काम त्या काळात आपल्या मुलीला करू देणारा बाप पुण्यात किती घरांत सापडला असता? शकुंतलाबाईंची ती लहानगी मुलगी, परांजप्यांची नात, म्हणजे आजच्या दिग्दर्शिका सई परांजपे. १९४४ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, परांजपे ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर म्हणून गेले, तेव्हा नातही कॅनबेराला आजोबांच्या घरी वाढली.

ऐंशीव्या वर्षी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इंग्रजी आत्मचरित्राला त्यांनी ‘८४ नॉट आउट’ असे नाव दिले आणि मराठीत ते ‘नाबाद ८९’ झाले. गणिताच्या माणसाने धावफलक वेळच्या वेळी हलवला, एवढेच. ६ मे १९६६ रोजी पुण्यात ते गेले.

माझी मागणी छोटी आहे. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. महापालिकेने त्याच्या पाटीवर ‘रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, गणिताचे प्राध्यापक, १८७६–१९६६’ एवढी एक ओळ घालावी. सध्याच्या अक्षरांखाली तेवढी जागा आहे. मी परवा संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहून आलो.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक, पुणे