नकोसा उमेदवार पक्षाच्या वाट्याला कसा येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील एवढे जुने पक्ष अध्यक्षपदासाठी लोकांना नकोसा वाटणारा उमेदवार कसा काय देतात, तिथल्या मतदारांना काही कळत नाही का, असा प्रश्न आपल्या वाचकाने नुकताच पत्रातून विचारला होता. प्रश्न रास्त आहे. मात्र सगळा दोष मतदारांच्या पदरात टाकलेला मला पटला नाही. अशा निवडीत मतदाराला नेमके काय विचारले जाते आणि त्याच्या उत्तराची मोजणी कशी होते, हे पाहिल्याशिवाय त्याला शहाणा किंवा वेडा ठरवणे योग्य होणार नाही.

2016 सालचीच गोष्ट घ्या. त्या वर्षी गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत डोनाल्ड ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन या दोघांविषयीही निम्म्याहून अधिक लोकांचे मत प्रतिकूल होते, तरी दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार तेच होते. रिपब्लिकन पक्षात सतरा जण इच्छुक होते. 20 फेब्रुवारीला साऊथ कॅरोलायना राज्याची प्रायमरी झाली, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान झाले. त्यात ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते मिळाली, तर मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ या इतर इच्छुकांना प्रत्येकी बावीस टक्क्यांच्या थोडी वर. तिथल्या नियमानुसार राज्यात आणि प्रत्येक मतदारसंघात जो पुढे असेल त्याला तिथले सगळे प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारी मंडळी, मिळत असल्याने, राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी ट्रम्प यांच्या खात्यात जमा झाले. प्रत्येक तीन मतदारांपैकी दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिले होते, पण ती मते इतक्या ठिकाणी वाटली गेली की त्यांची गणती शून्य झाली. पुढे एप्रिलमध्ये न्यूयॉर्कचे मतदान होईपर्यंत ट्रम्प यांना एकाही राज्यात निम्म्याहून अधिक मते मिळालेली नव्हती. तोवर बाकीच्यांपैकी प्रत्येक जण ‘दुसरा माघार घेईल, मग मीच उरेन’ या आशेवर थांबून राहिला, आणि सगळ्यांची माघार पूर्ण झाली तेव्हा निवडीसारखे काही शिल्लकच नव्हते.

गर्दीच्या उलट, मैदान मोकळे असले तरी हाच धोका असतो. 2024 साली अध्यक्ष बायडेन यांना त्यांच्याच पक्षातून कुणी तुल्यबळ आव्हान दिले नाही, त्यामुळे प्रायमरीचा सोपस्कार पार पडला आणि जूनच्या अखेरीस ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादसभेत बायडेन अडखळले तेव्हा पक्षाला जाग आली. 21 जुलैला त्यांनी माघार घेतली तेव्हा मतदान केव्हाच आटोपले होते, म्हणून उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे नाव प्रतिनिधींनी ठरवले. सामान्य डेमोक्रॅट मतदाराला त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे काही विचारायला वेळच उरला नव्हता.

यावर काही जण म्हणतील की मग निवड जाणत्या नेत्यांवरच सोपवावी. तेही करून झाले आहे. 1968 साली ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. सभागृहाबाहेर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष हरला. त्यातून धडा घेऊन नियम बदलले गेले, पण ते बदलणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष राहिलेले जॉर्ज मॅकगव्हर्न 1972 साली त्याच नव्या नियमांनी उमेदवार झाले आणि पन्नासपैकी फक्त मॅसॅच्युसेट्स हे एकच राज्य जिंकू शकले. नेत्यांनी निवडले काय आणि कार्यकर्त्यांनी निवडले काय, ‘हा माणूस बाकीच्यांना चालेल का’ हा प्रश्न दोन्ही वेळा कुणी विचारला नाही.

अमेरिका लांबची झाली. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार पक्षालाच नकोसा होण्याचा सर्वांत मोठा प्रसंग आपल्याच देशात, आणि आपल्याच कर्नाटकाच्या राजधानीत सुरू झाला, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नसावे. मे 1969 मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बेंगळुरूला काँग्रेसची बैठक भरली, तेव्हा पक्षाध्यक्ष होते आपल्या सीमाभागाला मुख्यमंत्री म्हणून पुरते परिचित असलेले निजलिंगप्पा. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या संसदीय मंडळाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा विरोध डावलून बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. रेड्डी कर्तृत्ववान नव्हते असे कुणीच म्हणणार नाही. ते लोकसभेचे सभापती होते. परंतु त्या नावामागचा खरा हेतू पंतप्रधानांना आवर घालण्याचा होता, हे सर्वांना दिसत होते. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर स्वतः सही केली आणि नंतर खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्या असे सांगितले. अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले, पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला आणि नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली. याच संजीव रेड्डींना 1977 साली राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले. माणूस तोच होता. 1969 साली त्याला पुढे करणारे हात आणि त्यांचे हेतू लोकांना नको होते.

त्या निवडणुकीतली आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपद सोडणारे आपले सी. डी. देशमुख. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांना दिलेले वजन) मिळाले, आणि निम्म्याहून अधिक कुणालाच मिळाले नाही. आपल्या घटनाकारांनी राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पसंतिक्रम लिहायची सोय ठेवली असल्यामुळे देशमुखांना मत देणाऱ्यांची दुसरी पसंती मोजली गेली आणि गिरींचे 4,20,077 झाले, रेड्डींचे 4,05,427. म्हणजे पहिली पसंती न मिळालेल्या माणसाचा मतदारही शेवटच्या निवडीत सहभागी झाला. साऊथ कॅरोलायनात रुबिओंना मत देणाऱ्याला ही संधी मिळाली नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे आपल्याकडेही एकाही पक्षाची उमेदवारी ठरवताना ती कुणाला मिळत नाही.

हे सगळे मला एका लहानशा बैठकीमुळे उमगले. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतून ग्रामपंचायतीला कुणाला उभे करायचे हे ठरवायला देवळाच्या सभामंडपात मंडळी बसली होती. पाच जण इच्छुक होते. मी शिक्षक, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापून वाटण्याचे आणि नंतर त्या मोजण्याचे काम माझ्याकडे आले. त्रेचाळीस चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या. तेरा, दहा, नऊ, सहा आणि पाच अशी विभागणी झाली. तेरा ज्यांना मिळाल्या त्यांच्याशी बांधाच्या भांडणावरून निम्म्या गल्लीचे बोलणे बंद होते, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होते. मी आकडे वाचले, कुणीतरी नारळ फोडला आणि बैठक उठली. मतदानादिवशी आमच्याच गल्लीतले कित्येक जण सकाळीच शेताकडे निघून गेले आणि जागा दुसऱ्या गल्लीने घेतली. त्या तीस माणसांना ‘तुमचा माणूस नसेल तर मग कोण चालेल’ एवढे विचारायला मला पाच मिनिटे लागली असती. ते मी विचारले नाही, याची खंत आजही वाटते.

म्हणून सीमाभागातील मराठी माणसांपुढे, विशेषतः हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांपुढे, मला हा विषय मांडावासा वाटतो. 1996 च्या लोकसभेला बेळगावात 456 उमेदवार होते, पण ती गर्दी सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी ठरवून केलेली होती. विधानसभेच्या वेळी आपसांत होणारी गर्दी तशी नसते. 2018 ला आमच्या खानापुरात समितीचे म्हणवणारे दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले, आणि त्या वर्षी तसेच 2023 लाही समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. अमेरिकेत नावडत्या उमेदवारालाही पक्षाचे मतदार समोरच्या पक्षाच्या रागापोटी तारून नेतात. 2016 साली रिपब्लिकन मतदारांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी शेवटी ट्रम्प यांनाच मत दिले. आपल्याकडे तेवढा आधारही नाही, कारण इथला नाराज मराठी मतदार एक तर घरी बसतो किंवा राष्ट्रीय पक्षाकडे जातो.

पुढच्या निवडणुकीचे अर्ज भरण्याआधी समितीने गावोगावच्या बैठकांत प्रत्येकाकडून एका नावाऐवजी पसंतीच्या क्रमाने निदान दोन नावे लिहून घ्यावीत, पहिल्या मोजणीत निम्म्याहून अधिक कुणाला मिळाले नाहीत तर सर्वांत मागे असलेल्याच्या चिठ्ठ्यांवरचे दुसरे नाव मोजावे, आणि ही मोजणी बंद खोलीत न करता सर्वांसमोर करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या गावात अशी बैठक ठरली, तर चिठ्ठ्या कापायला मी या वयातही येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव