अजून दोन वर्षं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. इथला, स्वीडनमधल्या नोकरीचा करार अजून दोन वर्षांसाठी वाढवून घेतला. सहीसुद्धा झाली. बाबा, आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण तुम्ही "बघ बाई, तुझं तू" म्हणाला असता आणि आईचा आवाज ऐकून मीच माघार घेतली असती. काम मनासारखं आहे, तोवर घराचं कर्ज फिटेल. आणि दिवाळीला मी येणार म्हणजे येणारच.

आई, धाकट्यानं तुला तो मूसचा व्हिडिओ दाखवायला नको होता. स्वीडनच्या जंगलात मूस आहेत, खरंय. हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. आपल्या तुरीत शिरणारा रोही (नीलगाय) आठव, त्याच्या दुप्पट वजनाचा नर असतो. खांद्यालाच दोन मीटरपर्यंत उंच, पळाला तर ताशी 55 किलोमीटर. त्यामुळे तो अंगावर आला, तर लगेच पळून झाडाच्या आड व्हायचं. कान मागं पडले, मानेवरचे केस उभे राहिले, की ओळखायचं आणि निमूट मागं सरायचं. एरवी तो आपला पाला ओरबाडण्यात दंग असतो. जपायचं ते पिल्लाजवळच्या मादीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर आलेल्या नराला.

जूनमध्ये तळ्यावर एक मादी दिसली. अख्खं डोकं पाण्यात. पाण्याखाली त्यांच्या नाकपुड्या मिटतात, तळाच्या वनस्पतीही बुडी मारून खातात. वर आली तेव्हा तोंडातून हिरव्या वेली लोंबत होत्या. एक कान माझ्याकडं, दुसरा काठावरच्या पिल्लाकडं. आई, तू चुलीपुढं बसायचीस, एक कान दुधाकडं आणि एक माझ्या पाढ्यांकडं. मग ती पोहत पलीकडं निघाली, पिल्लू मागं मागं. बाबा, विहिरीत तुम्ही माझ्या पाठीला डबा बांधला होता ना, तेच आठवलं.

नवं पिल्लू व्हायच्या आधी ती वर्षाच्या पिल्लाला हाकलून देते. ते बिचारं लांबून घुटमळत राहतं. मला तर तुम्ही हाकललं नाहीत. मीच आले.

माझी काळजी करू नका. घर उबदार आहे, ज्वारीचं पीठ मिळतं, येसूर महिनाभर पुरेल. दिवस मावळताना गाडी हळू चालवते, मोठ्या रस्त्यांना जाळीचं कुंपण असतं.

आता माझं ऐका. बाबा, रात्रीची लाईट आली तरी रानात पाण्याची दारं धरायला जायचं नाही, गड्याला पाठवा. बीपीची गोळी एकही चुकवू नका. आई, गुडघा या आठवड्यातच दाखव, "बघू नंतर" नको. डॉक्टर काय म्हणाले ते धाकट्याकडून नको, तुझ्या तोंडून ऐकायचंय. रविवारी फोन करते.

तुमची,
छबू