एचसीआय नुसतं पाठ करून काय उपयोग?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी आयटी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. थर्ड इयरला आम्हाला ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन म्हणजे एचसीआय होतं, म्हणजे कॉम्प्युटर, मोबाइल माणसाला सहज वापरता यावा म्हणून स्क्रीन, बटणं कशी असावीत याचा अभ्यास, आणि खरं सांगू का, अख्ख्या इंजिनीअरिंगमधला हा एकच विषय जो घरी आईलाही समजावून सांगता आला. पण शिकवतात कसा, तर स्क्रीन कशी असावी याचे या विषयातल्या तज्ज्ञांचे नियम, म्हणजे श्नायडरमनचे आठ लिहा, नील्सनचे दहा लिहा, फिट्सचा नियम सूत्रासकट लिहा, आकृती काढा, मार्क घ्या. स्क्रीनसमोर अडखळणारा माणूस सबंध सेमिस्टरमध्ये आम्ही एकदाही बघितला नाही!

तो मला बघायला मिळाला ई-सेवा केंद्रात, शेजारच्या काकूंचा एक फॉर्म भरायला गेले होते तेव्हा. जन्मतारखेवर क्लिक केलं की कॅलेंडर उघडतं ते चालू महिन्याचं, आणि काकूंचा जन्म 1961 चा, म्हणजे बाण दाबत एकेक महिना मागे जायचं तर सातशेच्या वर क्लिक. (बनवणारा बहुतेक चोविशीतला असणार, त्याचं वर्ष त्याला लवकर सापडलं असेल.) केंद्रातला मुलगा म्हणाला वरच्या वर्षावर क्लिक करा, यादी येते, पण ते दाबता येतं हे कळावं कसं, खाली रेघ नाही, बाजूला छोटा त्रिकोण नाही, काहीच नाही. शेवटी सबमिटला खेटून रीसेट, तेवढंच मोठं आणि त्याच रंगाचं. बटण मोठं आणि जवळ असेल तर हात तिथे पटकन जातो, हे पॉल फिट्सच्या 1954 च्या प्रयोगांवरून आम्ही शिकलो, मग सगळं पुसून टाकणारं बटण इतकं हाताशी कशाला ठेवायचं? काकूंचं बोट त्यावरच पडलं, सगळं परत भरलं.

चांगलं काम आपल्याकडे होतच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, जी 1969 पासून डिझाइन शिकवतेय, मोबाइलवर मराठी टाइप करायला स्वरचक्र नावाचा कीबोर्ड तयार झाला. त्यात क वर बोट ठेवलं की भोवती का कि की कु असं चक्र उघडतं, बोट तिकडे सरकवायचं की झालं. बाराखडी शाळेत घोकलेली असते, त्यामुळे नवीन असं फार काही शिकावं लागत नाही.

आमचे सर म्हणतात एवढ्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायला वेळ कुठंय. पण नील्सनचाच हिशेब आहे की पाच माणसांना वापरायला बसवून बघितलं तरी साधारण 85 टक्के अडचणी सापडतात, त्यावर वाद आहेत ते ठीक, पण पाच माणसं तर कॉलेजच्या गेटच्या आतच मिळतील की. कॅन्टीनवाले मामा, ऑफिसातले शिपाई काका, फी भरायला आलेले पालक. त्यांना कॉलेजचंच फी पोर्टल उघडून द्यायचं आणि आपण मागे गप्प उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही (हेच सगळ्यात अवघड जातं).

2020 च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलतायत, तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजने या विषयाचे निम्मे मार्क तरी अशा टेस्टला द्यावेत, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी नियम विचारण्याऐवजी कोण कुठे अडकलं आणि मग तुम्ही काय बदललंत ते विचारावं.

– एक विद्यार्थिनी, पुणे