काकांचे टॉवेल आणि तुझं कॅल्क्युलस

सोलापूर,
रविवार

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज मिळाला. "अर्थशास्त्र शिकायला आले आणि गळ्यात गणित पडलं" हे वाक्य आणि त्याखालचा "क्लास लावू का?" हा प्रश्न बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवला आणि हसत सुटले. मला काही हसू आलं नाही. अकरावी-बारावी कॉमर्सला गणित शिकवताना हेच गाऱ्हाणं मी किती जणांकडून ऐकलंय! पुण्याला गेलेली आमची मुलं पहिल्या सेमिस्टरला फोन करतात आणि विचारतात, बाई, बारावीला डेरिव्हेटिव्ह येत होते, मार्कही पडले होते, मग आताच का अडतंय?

बहुतेकांचं अडतं ते डेरिव्हेटिव्हपाशी नसतंच. तू पाठवलेले वहीचे फोटो मी मोठे करून बघितले. विकलनाची, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढण्याची, पायरी सगळीकडे बरोबर आहे. गडबड होते ती त्याच्या पुढच्या ओळीत. एका गणितात ऋण घातांक खाली आणताना चिन्ह गेलं, दुसऱ्यात कंस सोडवताना गेलं. हे नववीचं बीजगणित आहे. रोज थोडा वेळ नुसते घातांक आणि अपूर्णांक घेऊन बस. कंटाळा येईल, पण इलाज तोच. यावर आणखी काही लिहीत नाही.

लिहायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. तुझ्या उत्तराखाली नुसतं "८०" असतं. ८० काय? रुपये? नग? एका नगामागे रुपये? सर त्याचे मार्क कापत नसतील, मी असते तर कापले असते. तुमच्या विषयात गणित संपतं ते आकडा आल्यावर नाही, त्या आकड्याचं वाक्य झाल्यावर.

काकांचाच टॉवेलचा कारखाना घेऊ. काका सगळं किलोवर बोलतात, आपण हिशेबापुरतं नगावर बोलू, आणि आकडेही मी सोयीचे घेतलेत, ते त्यांना दाखवायला जाऊ नकोस. समज, दिवसाला 'न' इतके टॉवेल निघतात आणि खर्च येतो ४००० + ६०न + ०.०५न². पहिले ४००० म्हणजे शेडचं भाडं, बँकेचा हप्ता, मुकादमाचा पगार. माग चालू असोत की बंद. साठ रुपये प्रत्येक टॉवेलचे: सूत, विणाई, शिलाई. आणि तो वर्गाचा लहानसा तुकडा कशाचा? माग जास्त रेटले की तार तुटते, सेकंड म्हणजे खोट असलेला माल वाढतो, ओव्हरटाइम द्यावा लागतो. मुलं ही पदं नुसती उतरवून घेतात. तू प्रत्येक पदाखाली पेन्सिलीनं लिही, की हे कशाचे पैसे.

आता २०० टॉवेल निघतात असं धर. एकूण खर्च १८,००० रुपये, म्हणजे सरासरी ९० रुपयांना टॉवेल पडला. काका नेहमीच्या गिऱ्हाइकांना १०० ने देतात. एक नवा व्यापारी येतो आणि म्हणतो, ८५ ने द्या, रोज पन्नास जास्तीचे उचलतो. काका ताडकन म्हणतील, "नव्वदला पडतो, पंच्याऐंशीला कसा देऊ?" बाजारात दहातले नऊ जण हेच म्हणतील.

पण विचारायचं असतं ते पुढच्या टॉवेलचं. विकलन केलंस की सीमांत खर्च, म्हणजे आणखी एका टॉवेलमागे वाढणारा खर्च, ६० + ०.१न येतो, २०० वर ८० रुपये. भाडं आणि हप्ता तर जाणारच आहे, नव्या टॉवेलच्या डोक्यावर तो कशाला टाकायचा? २५० टॉवेलांचा खर्च काढ: २२,१२५. म्हणजे पन्नास टॉवेलांसाठी खर्च वाढला ४,१२५ आणि हातात आले ४,२५०. सव्वाशे रुपये सुटले. आणि नेमक्या २५० ला सीमांत खर्च ८५ होतो, म्हणजे त्या भावाला तिथंच थांबायचं. एक गंमत बघ, दोनशे एकाव्या टॉवेलचा खरा वाढीव खर्च वजाबाकी करून काढलास तर ८०.०५ येतो, ८० नाही. तो पाच पैशांचा फरक म्हणजेच तुमच्या सरांनी पहिल्या तासाला सांगितलेली लिमिट. अर्धा टॉवेल कोणी विकत नाही, पण गणित तो विकला जातो असं धरतं.

इथं टाळी वाजवून पुस्तक मिटू नकोस. नेहमीच्या गिऱ्हाइकांना कळलं की चाटी गल्लीत, म्हणजे कापडबाजारात, कोणाला तरी ८५ ने माल गेला, तर? तेही ८५ च मागतील. सोलापुरात असली बातमी संध्याकाळपर्यंत सुद्धा थांबत नाही. मग हिशेब असा: आधी २०० × १०० म्हणजे २०,००० यायचे, आता २५० × ८५ म्हणजे २१,२५०. पन्नास टॉवेल जास्त विकून वाढले फक्त १,२५०, नगामागे २५ रुपये, आणि खर्च वाढला ४,१२५. भाव ८५ आणि वाढीव प्राप्ती २५, हे कसं? कारण भाव फक्त नव्या पन्नासांवर पडला नाही, जुन्या दोनशेंवरही पडला. "सीमांत प्राप्ती भावापेक्षा कमी असते" हे वाक्य तू पाठ केलंयस. त्याचा अर्थ एवढाच आहे. कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८३८ साली हा हिशेब मांडला, तेव्हा त्याच्या उदाहरणात खनिज पाण्याच्या झऱ्याचा मालक होता. पुस्तकाकडे तेव्हा फारसं कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

सरासरी खर्च सर्वांत कमी कुठं, तेही याच सूत्रातून काढून बघ. साधारण २८३ टॉवेलांवर येईल, आणि तिथं सरासरी आणि सीमांत खर्च एकच निघतील, ८८ रुपये आणि काही पैसे. असं का होतं हे मी सांगणार नाही, तूच लिहून पाठव. सूत्र नको, वाक्यात.

आणखी एक. काकांचा खरा खर्च असा गुळगुळीत वाढत नाही. एका पाळीत जेवढं निघायचं तेवढं निघालं की पुढच्या टॉवेलसाठी दुसरी पाळी लावावी लागते, माणसं बोलवावी लागतात, आणि खर्च तिथं एकदम उडी मारतो. त्या उडीपाशी डेरिव्हेटिव्ह नसतो. "फलन संतत आहे का", म्हणजे मधे उडी न मारता सलग जातं का, हा प्रश्न तुम्हाला फालतू वाटतो ना? काकांना तो दिवाळीच्या ऑर्डरी आल्या की दर वर्षी पडतो, फक्त ते त्याला "रात्रपाळी परवडते का" म्हणतात.

तुझ्या पुस्तकात जागोजागी असणारा अर्थशास्त्रज्ञ मार्शल हा मुळात गणिताचाच माणूस, १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला. तरी १८९० च्या आपल्या ग्रंथात त्यानं समीकरणं मागे परिशिष्टात टाकली आणि आकृत्या तळटिपांत. पुढं १९०६ मध्ये एका पत्रात त्यानं लिहिलं की गणित लघुलिपीसारखं वापरा, मग ते साध्या भाषेत लिहा, व्यवहारातली उदाहरणं द्या, आणि गणित जाळून टाका. पहिलं सगळं मला मान्य. जाळायचं तेवढं तू मनावर घेऊ नकोस, तुमच्याकडे पायऱ्यांना मार्क असतात.

इंटिग्रेशनची धास्ती आत्ताच नको. ग्राहकाचं संतोषाधिक्य, म्हणजे गिऱ्हाईक जेवढे द्यायला तयार होतं आणि जेवढे दिले त्यातला फरक, हा आकृतीत मागणीच्या रेषेखालचा आणि भावाच्या वरचा तुकडा, एवढं चित्र डोक्यात ठेव. बाकी नोव्हेंबरात बघू. आणि ते क्लासचं म्हणशील तर पैशांचा प्रश्न नाही. पण आधी महिनाभर असं वाक्यं लिहून बघ. नाही जमलं तर लाव क्लास, बाबांशी मी बोलते.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी शनिवारच्या गाडीनं पाठवतेय. चटणी रूममेटला दे, पण सगळी एकदम काढू नकोस. बुधवारी रात्री फोन कर, वही समोर ठेवून. २८३ चं उत्तर आधी विचारणार आहे.

तुझी,
आई

ता. क. काका म्हणतात, पंच्याऐंशीला नाही, शहाऐंशीला देऊ. त्यांना किती टॉवेलांवर थांबायचं ते काढून सांग.