हजेरी छापता, तसे मतही छापा

संपादक महोदय,

अधिवेशन संपले की खासदारांचे प्रगतिपुस्तक छापून येते. हजेरी अमुक टक्के, प्रश्न अमुक, भाषणे अमुक. मी यंत्रमाग कारखान्यात मजुरीची वही सांभाळलेला माणूस. नुसत्या हजेरीवर आमच्याकडे कुणाला दमडी मिळत नसे. मागावरून माल किती उतरला, त्यावर हिशेब. खासदाराचा माल म्हणजे सभागृहातले मत, आणि तेवढेच छापून येत नाही.

माझी भाची मेलबर्नला असते. तिथे मतदान सक्तीचे, चुकवले तर दंड. त्यामुळे निवडणूक आली की ती दोन खासदार शेजारी शेजारी ठेवून कोण कशाच्या बाजूने उभा राहिला ते बघते. ओपन ऑस्ट्रेलिया फाउंडेशन नावाची संस्था संसदेच्या नोंदींवरून ही तुलना मांडते. ‘उभा राहिला’ हे शब्दशः घ्या. मतविभाजन पुकारले की सहसा चार मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात, होकारवाले अध्यक्षांच्या उजवीकडे आणि नकारवाले डावीकडे जातात, नावे टिपली जातात.

तिने सांगितलेले एक उदाहरण मला फार आवडले. 2017 साली समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर तिथे टपालाने लोकांचा कौल घेतला, त्याचे मतदारसंघवार आकडेही जाहीर झाले. (विषयाबद्दल प्रत्येकाचे मत असेल, माझेही आहे, ते इथे नको.) 7 डिसेंबरला विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले तेव्हा विरोधात चारच जण उरले. त्यांत डेव्हिड लिटलप्राउड आणि रसेल ब्रॉडबेंट. दोघेही सत्ताधारी आघाडीचे, दोघांचे मत ‘नाही’. पण लिटलप्राउड यांच्या मारानोआ मतदारसंघात बहुमत ‘नाही’चेच होते, तर ब्रॉडबेंट यांच्या मॅकमिलनमध्ये 60 टक्क्यांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले होते. आणि माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट? त्यांच्या वॉरिंगात 75 टक्के ‘हो’, ते स्वतः विरोधातले. मताच्या वेळी सभागृहाबाहेर गेले. आमच्या भाषेत खाडा. तिथल्या मतदाराला तोही दिसतो.

आपल्याकडे काय? लोकसभेत हिरवे, लाल, पिवळे बटण आहे, मतविभाजन झाले की नावे कामकाजात छापली जातात. पण बहुतेक कामे आवाजी मतदानाने उरकतात. आपल्या विधानसभेत 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने मंजूर झाला. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारच्या ठरावावर मात्र शिरगणती झाली, 164 विरुद्ध 99. दुसऱ्या वेळी कोण कुठे होते ते कळले, पहिल्या वेळी नुसता गलका.

कुणी म्हणेल, 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडला तर खासदारकी जाते, मग तुलना कसली करता? तिकडे कायदा तसा नाही. 2024 मध्ये सिनेटर फातिमा पेमन यांनी पॅलेस्टाइनच्या ठरावावर आपल्या मजूर पक्षाची भूमिका सोडून मत दिले, पक्षाने आपल्या खासदारांच्या गटातून निलंबित केले, त्यांनी पक्ष सोडला. सिनेटची जागा राहिली. आपल्या खासदाराचे हात बांधलेले आहेत हे मान्य. पण बांधलेल्या हातांनी कोणते बटण दाबले, ते मला बघायचे आहे. आणि मतविभाजन मागितलेच नाही, तर ते का, हेही विचारायचे आहे.

आपल्या जिल्ह्याला तर तुलना फुकटात मिळते. शहर, पंढरपूर, मोहोळ सोलापुरात, करमाळा, सांगोला, माळशिरस माढ्यात, बार्शी धाराशिवला. तीन खासदार, तीन रकाने. प्रत्येक अधिवेशनानंतर विधेयकाचे नाव आणि त्यापुढे हो, नाही, तटस्थ की गैरहजर, एवढाच तक्ता छापा. जिथे आवाजी मतदान झाले तिथे तसे स्पष्ट लिहा, रकाना कोरा सोडू नका. जागा कमी पडत असेल तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो थोडे लहान करता येतील. आणि बार्शीकरांचा रकाना नेहमीप्रमाणे विसरू नका.

— एक निवृत्त दिवाणजी, साखर पेठ, सोलापूर