बुडालेल्या मजुरीचे काय?

सरोगसी, म्हणजे दुसऱ्या दाम्पत्याचे मूल आपल्या पोटात वाढवून देणे, याविषयीच्या कायद्याचे समर्थन करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. गरीब बाईच्या गर्भाशयाचा बाजार थांबायलाच हवा होता. परंतु २०२१ च्या या कायद्यानुसार सरोगेट मातेला ठरवून दिलेला खर्च आणि विमा यापलीकडे मोबदला देता येत नाही. तसा देऊ पाहणाऱ्या दाम्पत्याला पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे.

मग पुढे येणार कोण? आमच्याकडे घरातच शोध सुरू होतो. जाऊ, नणंद, भावजय. वय २५ ते ३५, लग्न झालेली, पदरी मूल असलेली. सासरच्या माणसांपुढे तिची संमती कितीशी मोकळी असेल? ती ऊसतोडीला जाणारी असेल, तर त्या हंगामात कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, मोडतो आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फिटत नाही. आणि मूल न झालेल्या सुनेपुढे मराठवाड्यात आजही सवतीची भाषा होते, त्या घराला तुरुंगाची भीती घालून काय साधते? दलालांची शिक्षा कठोरच राहू द्या. दाम्पत्याची कैद रद्द करा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या देखरेखीखाली कायदेशीर करा.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)