तिळ्यांची प्रसिद्धी एक, हिशेब मात्र तीन हवेत

महोदय,

तिळ्या भावंडांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर धो-धो चालतात. एकसारखे कपडे, एकाच ठेक्यावर तिघांची पावले, की व्ह्यूज आलेच. कौतुकाला कुणाची ना नाही. गल्लत होते ती पुढे. पडद्यावर तिघे मिळून एक ‘आयटम’ ठरतात आणि वेळ, पैसा, संमती यांतही त्यांना एकच धरले जाते.

आधी वेळ. वीस सेकंदांच्या रीलसाठी तिघांचे एकाच वेळी जमावे लागते. प्रत्येक मूल दोनदा केल्यावर एकदा बरोबर करते असे धरले, तरी तिघांचे एकत्र जमण्याची शक्यता आठात एक. म्हणजे सरासरी आठ टेक. पाचव्या टेकपर्यंत एक कंटाळते, दुसरे त्याला ढकलते, आणि ‘कोणामुळे अडले’ हे तिघांनाही पाठ होते. तीन-चार टेकमध्ये नाही जमले तर प्रत्येकाचा शॉट वेगळा घ्यावा आणि एडिटिंगमध्ये जोडावा; प्रेक्षकाला फरक कळत नाही. २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय ३ तासांहून अधिक काम घेता येत नाही. पण हे नियम बाहेरचा निर्माता गृहीत धरून लिहिलेले आहेत. इथे निर्माते आईबाबाच. घड्याळ कोण लावणार?

याच नियमांत मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगितले आहे. तिळ्यांसाठी ठेवी तीन हव्यात, संयुक्त एक नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा १ जुलै २०२४ पासून लागू झालेला कायदा याबाबत नेमका आहे. मुले पूर्ण व्हिडिओभर दिसत असतील, तर त्या व्हिडिओच्या कमाईचा किमान निम्मा भाग त्यांच्यासाठी बाजूला काढायचा आणि समान वाटायचा. एखादे मूल कमी दिसले म्हणून त्याचा वाटा घटत नाही. तिघांत प्रत्येकी एक षष्ठांश. ‘लाइक जास्त त्याचा हिस्सा जास्त’ हे सूत्र घरात शिरले की भांडण ठरलेले.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तुलना. तिळी मुले बहुधा वेळेआधी, सरासरी ३२ व्या आठवड्याच्या आसपास जन्मतात. म्हणून डॉक्टर साधारण दोन वर्षांपर्यंत त्यांच्या वाढीचा हिशेब प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करतात. कमेंट करणाऱ्यांना हे ठाऊक नसते. ‘हे अजून चालत का नाही?’, ‘मधले अशक्त दिसते’ असे शेरे पडतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. वजनाचे आकडे, काचेच्या पेटीतले फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या टाकूच नयेत. तिघांपैकी दोघेच एकसारखे असतील (असे पुष्कळदा असते), तर तिसऱ्याला वेगळे पाडणाऱ्या कमेंट रोज काढाव्यात किंवा कमेंट बंदच ठेवाव्यात.

वाढदिवसाच्या एका लाइव्हमध्ये तीन नावे, तीन चेहरे आणि एक जन्मतारीख एकदम उघड होते. तिळी मुळातच विरळा, त्यामुळे गणवेश दिसला की शाळा शोधायला वेळ लागत नाही. तो व्हिडिओ तीन-चार आठवड्यांनी, तारीख न सांगता टाकला तरी चालतो.

संमतीचा प्रश्न अवघड आहे. फ्रान्सच्या २०२० च्या कायद्याने १६ वर्षांखालील मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय स्वतःचे व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी करता येते. तिळ्यांत एकाने मागणी केली, तर चौकटीत उरलेले दोघेही असतात. म्हणून नियम आधीच ठरवावा: एकाचा नकार म्हणजे व्हिडिओ खाली. मूळ फुटेज तारखेप्रमाणे जपून ठेवावे, म्हणजे दोघांची आवृत्ती पुन्हा काढता येते.

जाहिरातीच्या करारात ‘तिन्ही मुले आवश्यक’ असे कलम हमखास असते. एकाला ताप आला तरी त्याला कॅमेऱ्यासमोर उभे केले जाते ते याच कलमामुळे. सही करण्यापूर्वी ‘आजारपणात दोन मुलांवर काम पूर्ण धरले जाईल, मोबदला कापला जाणार नाही’ हे वाक्य घालून घ्यावे.

– एक वाचक